देहाचा तळ

देहाच्या काही भागांना भाषेने नावे दिली आणि लगेच त्यांच्या उच्चारावर बंदी घातली. हात, पाय, डोळा, काळीज यांच्याभोवती म्हणींचा आणि वाक्प्रचारांचा केवढा संसार उभा राहिला. पण पोटातील सगळे अवयव ज्याच्या आधारावर विसावलेले असतात, त्या भागासाठी घरात बोलण्याजोगा एक शब्द सापडत नाही. बायका ‘खाली’ म्हणतात, किंवा ‘जागा’ म्हणतात. गर्भाशय सरकून बाहेर दिसू लागले की ‘अंग बाहेर आले’ असे दबक्या आवाजात सांगितले जाते. कोणते अंग, हे ऐकणाऱ्याने ओळखावयाचे. पुरुषांपाशी तर तेवढाही शब्द नाही. तो भाग आपल्याला आहे याची वार्ताच त्यांना एखादी शस्त्रक्रिया झाल्याखेरीज लागत नाही.

काशीच्या दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगाघाट या परिसरात मराठी घराणी पेशवाईपासून नांदत आली आहेत. अशाच एका घरातील अण्णांना ही वार्ता वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी लागली. सारा जन्म त्यांनी संस्कृत शिकविण्यात घालविला. निवृत्तीनंतरही घरी येणाऱ्या विद्यार्थ्यांना ते ग्रंथ सांगत. त्यांत स्वात्मारामाची ‘हठप्रदीपिका’ त्यांच्या विशेष आवडीची. तिच्या तिसऱ्या उपदेशातील मूलबंधाचे विवरण ते मोठ्या रंगतीने करीत. टाचेने शिवणीचा भाग दाबावयाचा, गुदाचे आकुंचन करावयाचे आणि अधोगामी अपानवायू वर ओढावयाचा, असा त्या बंधाचा विधी. शब्दाची व्युत्पत्ती, टीकाकारांचे मतभेद, अपान आणि प्राण यांच्या ऐक्याचा सिद्धान्त, सारे त्यांना मुखोद्गत होते. एखाद्या विद्यार्थ्याने ‘म्हणजे नेमके काय आवळायचे?’ असे विचारलेच, तर ते किंचित हसून पुढच्या श्लोकाकडे वळत.

अण्णांना प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग झाल्याचे वेळेत लक्षात आले. लेक दिल्लीस असल्याने शस्त्रक्रिया तेथेच करण्याचे ठरले. ग्रंथी समूळ काढण्यात आली, शस्त्रक्रिया यशस्वी झाली, मूत्राशयात घातलेली नळी यथाकाल निघाली. आणि त्याच दुपारी खुर्चीवरून उठताना अण्णांचे धोतर भिजले. असे होईल हे शल्यविशारदाने आधीच समजावून सांगितले होते. पुरुषाच्या मूत्रमार्गावर दोन पहारे असतात. एक मूत्राशयाच्या तोंडाशी, ग्रंथीला लागून. तो अनैच्छिक स्नायूंचा, माणसाच्या नकळत चालणारा. दुसरा त्याच्या खाली. तो ऐच्छिक स्नायूंचा, आणि त्याला ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची साथ. ग्रंथीबरोबर पहिला पहारा बहुतांशी जातो. इतकी वर्षे दोघांनी सांभाळलेले दार एकट्याच्या अंगावर येते, आणि या एकट्याला आजवर फारसे काम पडलेले नसते. बहुतेकांचा ताबा काही महिन्यांत, फार तर वर्षभरात, पुष्कळसा परत येतो. अण्णांनी हे सगळे ऐकून मान डोलविली होती. परंतु ऐकलेली गोष्ट आणि भिजलेले धोतर यांत फार अंतर असते.

पुढच्या दोन आठवड्यांत अण्णांचे जगणे आक्रसले. दिल्लीतील मराठी मंडळींनी त्यांचे व्याख्यान ठरविले होते. त्यांनी प्रकृतीचे निमित्त सांगून ते रद्द केले. ते पाणी मोजून पिऊ लागले, खुर्चीच्या कडेवर बसू लागले, कोणी आले की आतल्या खोलीत जाऊ लागले. लेकीने आणून दिलेला प्रौढांच्या लंगोटांचा पुडा त्यांनी कपाटात पालथा घालून ठेवला. त्याविषयी ते घरात कोणाशी बोलले नाहीत. माईंशीही नाहीत.

माईही काही बोलल्या नाहीत. एका रात्री त्यांनी स्वतःच्या पेटीच्या तळातून जुन्या सुती लुगड्यांच्या घड्या काढल्या. सारख्या मापाने कापलेल्या, कडा दुमडून शिवलेल्या, पुष्कळ धुऊन मऊ झालेल्या. त्यांतल्या चार त्यांनी अण्णांच्या उशाशी ठेवल्या.

“हे तुझ्यापाशी कुठून आलं?” अण्णांनी विचारले.

“माझेच आहेत. धाकट्याच्या वेळेपासून लागतात.”

धाकट्याचा जन्म १९८२ सालचा. अण्णा बराच वेळ त्या घड्यांकडे पाहत राहिले. मग त्यांच्या मनात एक जुनी गोष्ट वर आली, आणि विचारावी की न विचारावी अशा घोटाळ्यात थोडा वेळ गेल्यावर त्यांनी विचारले, “साताऱ्याला म्हणून आली नाहीस का गं?”

१९९९ साली माईंचे थोरले बंधू साताऱ्यास अंथरुणाला खिळले होते. ‘एकदा भेटून जा’ अशी त्यांची पत्रे येत होती. अण्णांनी रजा काढली, तिकिटे आणली. आणि निघण्याच्या आदल्या दिवशी माईंनी येत नाही म्हणून सांगितले. कारण सांगितले नाही. महिनाभरात बंधू गेले. माहेरच्या माणसांत त्यावरून बोलणे झाले. अण्णांनीही एकदा रागाच्या भरात, चार माणसांदेखत, हिचे काळीज दगडाचे आहे असे म्हटले होते. माईंनी ते ऐकून घेतले होते आणि पाने वाढावयास त्या आत गेल्या होत्या.

“दीड दिवसाचा प्रवास होता, अहो,” माई म्हणाल्या. “डबा माणसांनी भरलेला. त्यात मला खोकला झालेला. काय केलं असतं?”

या घरात इतकी वर्षे एकच तक्रार दोन देहांत दोन प्रकारे राहिली, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. अण्णांच्या वाट्याला ती आली तेव्हा पहिल्या दिवसापासून तिला रोगाची प्रतिष्ठा मिळाली. तिच्यासाठी तज्ज्ञ होता, कागद होते, पुढच्या भेटीची तारीख होती. माईंच्या वाट्याला आली तेव्हा तिला कोणी रोग म्हटलेच नाही. शेजारच्या वडीलधाऱ्या बाईंपाशी माईंनी एकदाच विषय काढला होता. ‘बाईच्या जातीला चालायचंच’ एवढे उत्तर मिळाले. ते उत्तर दुष्टपणाने दिलेले नव्हते. ज्या बाईने ते दिले तिच्याही पेटीच्या तळाशी बहुधा अशाच घड्या होत्या. पण या एका वाक्याने एका बाईचा साताऱ्याचा रस्ता बंद केला. गळणारे छप्पर कोणी नशीब म्हणून सोडून देत नाही. गळणारा देह मात्र, तो बाईचा असला की, नशिबाच्या खात्यावर लिहिला जातो.

शल्यविशारदाने अण्णांना एका भौतिकोपचार करणाऱ्या तरुण स्त्रीकडे पाठविले. फिजिओथेरपी म्हणजे गुडघे आणि खांदे, एवढीच अण्णांची समजूत. आणि ती केवळ त्यांची नव्हे. भारतात या विद्येचे शिक्षण सुरू झाले तेच मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५३ साली, पोलिओच्या साथीनंतर. पांगळे झालेले हातपाय हा तिचा पहिला विषय होता, आणि हातपाय डोळ्यांना दिसतात. जे दिसत नाही आणि ज्याचे नाव घेता येत नाही, त्याच्याकडे वळावयास तिला वेळ लागला.

माई सोबत म्हणून गेल्या होत्या. ती तरुणी हिंदीतून अण्णांना प्रश्न विचारू लागली: उठताना होते की खोकताना, घाई लागते की न कळत जाते, रात्री किती वेळा उठावे लागते. अण्णा खाली मान घालून बसले. उत्तरे माई देऊ लागल्या. ती इतकी नेमकी होती, आणि मधूनमधून माई स्वतःच असे पोटप्रश्न काढू लागल्या, की तिने लेखणी खाली ठेवली आणि विचारले, “माताजी, आपल्याला हा त्रास किती वर्षांपासून आहे?” चाळीस वर्षांत हा प्रश्न माईंना प्रथमच कोणी विचारीत होते. त्यांनी अण्णांकडे पाहिले. अण्णा म्हणाले, “सांग.”

तिने टेबलावर ठेवलेला श्रोणीचा, म्हणजे कमरेच्या हाडांचा, सांगाडा दोघांसमोर ओढला. समोर जघनास्थी, मागे माकडहाड, दोन्ही बाजूंस कमरेची रुंद हाडे, आणि मध्ये तळ नसलेले एक पोकळ भांडे. या भांड्याचा तळ हाडाचा नाही, मांसाचा आहे. पुढून मागे आणि एका बाजूकडून दुसरीकडे ताणून बांधलेल्या झोळीसारखे काही स्नायू तेथे आहेत. त्यांना श्रोणितल म्हणतात. मूत्राशय, गुदाशय आणि स्त्रीच्या बाबतीत गर्भाशय या झोळीवर टेकलेले असतात. स्त्रीच्या झोळीला तीन वाटा आहेत, पुरुषाच्या दोन. पण झोळी एकच, स्नायू तेच, त्यांना चालविणारा मज्जातंतूही तोच. शेपटीच्या जनावरांत यांतलेच काही स्नायू शेपटी हलवितात. माणूस दोन पायांवर उभा राहिला, शेपटी गेली, आणि हलविण्याचे काम करणाऱ्या स्नायूंवर ओझे पेलण्याचे काम येऊन पडले. इतर स्नायू माणूस बसला की विसावा घेतात. यांना झोपेतही पुरती सुट्टी नसते. खोकला, शिंक, हसू, उचललेली घागर, कुंथणे, जे जे पोटातील दाब वाढविते ते ते प्रथम येथे आदळते.

प्रसूतीच्या वेळी या स्नायूंचे काय होते याचे गणित संगणकीय प्रतिकृतीवर २००४ साली मांडले गेले. बाळाचे डोके बाहेर पडताना त्यांचा सर्वांत आतला भाग आपल्या मूळ लांबीच्या तिपटीहून अधिक ताणला जातो असे त्यात आढळले. चिमटा लावून केलेल्या बाळंतपणात तो हाडापासून सुटण्याचा धोका वाढतो. धाकट्याच्या वेळी माईंना चिमटाच लावला होता. मग सव्वा महिना शेक झाला, शेगडी झाली, धुरी झाली, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू झाले, पोट घट्ट बांधले गेले. पोटाची अशी काळजी घेतली गेली. पोटाच्या तळाची आठवण कोणालाही झाली नाही.

या तळाला व्यायामाने बळ देता येते ही कल्पना छापील ग्रंथांतही फार जुनी नाही. इंग्लंडात नृत्यांगना आणि व्यायामशिक्षिका मार्गारेट मॉरिस हिने परिचारिका मिनी रँडेल हिच्या साहाय्याने १९३६ साली बाळंतिणींच्या व्यायामांवर पुस्तक लिहिले. त्यात या स्नायूंच्या आकुंचनाचा विचार आहे. पुढे लॉस एंजेलिस येथील स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल याने १९४८ साली आपला निबंध प्रसिद्ध केला आणि हे व्यायाम त्याच्या नावाने जगभर ओळखले जाऊ लागले. केगेलने एक साधे यंत्र योजिले होते. योनिमार्गात ठेवावयाची हवेची नळी दाबमापकाला जोडलेली असे; स्नायू आवळला की काटा हले. न दिसणारा स्नायू काट्याच्या रूपाने रुग्णेला दिसू लागला, हे त्या यंत्राचे मर्म. पुढे झाले असे की व्यायाम पत्रकांवर छापून घरोघर गेला आणि काटा मागे राहिला. १९९१ साली अमेरिकेत ४७ स्त्रियांना केवळ तोंडी सूचना देऊन पाहिले, तेव्हा जेमतेम निम्म्यांना आकुंचन योग्य रीतीने जमले; सुमारे चौथ्या हिश्श्याच्या स्त्रिया उचलण्याऐवजी खाली जोर देत होत्या, म्हणजे ज्याने तक्रार वाढावी तेच करीत होत्या. भाषेने टाळलेल्या स्नायूला केवळ भाषेने हाक मारली तर तो ओ देईलच असे नाही. त्यासाठी कोणाचा तरी जाणता हात किंवा जाणते यंत्र लागते.

माईंची तपासणी बंद दाराआड झाली. काय करणार, कशासाठी, आणि कोणत्याही क्षणी ‘थांब’ म्हटले की थांबणार, हे आधी सांगून, संमती घेऊन झाली. तीन बाळंतपणे झालेल्या माईंना त्या देहाविषयी अशी परवानगी आजवर कोणी मागितली नव्हती. माईही खाली जोर देत होत्या असे निघाले. एका बाजूचा स्नायू हाडापासून सुटलेला होता. व्यायामाने तो पुन्हा जोडला जाणार नाही, हे त्या तरुणीने लपविले नाही. राहिलेला स्नायू मात्र शिकविला तर शिकेल, त्याला वयाची अट नाही, असे ती म्हणाली. मग तिने विहिरीच्या पोहऱ्याचा दृष्टान्त दिला. वारा अडवावा तसे मागून, लघवी अडवावी तसे पुढून, आणि मग पोहरा ओढावा तसे वर. पोट, मांड्या, ढुंगण यांनी मदतीस धावावयाचे नाही. श्वास कोंडावयाचा नाही. पोहरा वर काही क्षण धरावयाचा आणि जितक्या सावकाश ओढला तितक्याच सावकाश खाली सोडावयाचा. असे एका वेळी आठ, दिवसातून तीन वेळा, निदान तीन महिने. लघवी खरोखरी मध्येच अडवून रोज व्यायाम करावयाचा नाही; ती केवळ ओळख पटविण्याची खूण. पाणी तोडावयाचे नाही, कारण दाट झालेली लघवी मूत्राशयाला अधिक डिवचते. माईंनी दिल्लीच्या प्रवासात आदल्या दुपारपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता, हे तेव्हा बाहेर आले.

अण्णांच्या ओटीपोटावर ध्वनिलहरींचे यंत्र टेकवून तिने त्यांना पडदा दाखविला. राखी रंगाच्या पसाऱ्यात मूत्राशयाचा काळा आकार दिसत होता. पुरुषांना कोणत्या शब्दांनी हा स्नायू नेमका सापडतो याचा ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी अभ्यास केला होता. जननेंद्रिय आत ओढून आखूड करावयाचे आहे अशी सूचना मूत्रमार्गाच्या स्नायूला सर्वांत चांगली पोचते असे त्यांना २०१६ साली आढळले. ही सूचना ऐकून अण्णांचे कान लाल झाले. पण त्यांनी तसे केले, आणि पडद्यावरच्या काळ्या आकाराचा तळ किंचित वर उचलला गेला. त्यांनी सोडले, तो खाली आला. पुन्हा केले, पुन्हा वर. ज्या मूलबंधावर त्यांनी अनेक वर्षे व्याख्याने दिली, तो त्यांना प्रथमच भेटत होता.

विद्वानाला नवी गोष्ट सापडली की तो तिचा अतिरेक करतो. अण्णांनी दिवसभर मूलबंध धरावयाचा धडाका लावला. बसता, उठता, वाचता त्यांची झोळी आवळलेलीच. तिसऱ्या आठवड्यात शिवणीपाशी दुखू लागले, लघवीला जोर करावा लागू लागला, आणि संध्याकाळी गळणे पूर्वीहून वाढले. त्या तरुणीने हे ऐकले आणि त्यांना आवळणे चार दिवस बंद करावयास लावले. दिवसभर मूठ आवळून ठेवली तर संध्याकाळी त्या हाताने तांब्याही उचलत नाही. स्नायूचे बळ आवळण्यात असते तितकेच सैल होण्यात असते. कित्येक स्त्रीपुरुषांची मूळ तक्रारच या स्नायूंच्या सततच्या ताणाची असते. ओटीपोटात आणि शिवणीत वर्षानुवर्षे दुखते, तपासण्यांत जंतू सापडत नाहीत, पुरुषाला प्रोस्टेटचे औषध मिळत राहते आणि स्त्रीला मनाचे खेळ म्हणून परत पाठविले जाते. अशा रुग्णांचा एक छोटा प्रयोग अमेरिकेत झाला आणि २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात निम्मे पुरुष होते. श्रोणितलाच्या स्नायूंतील गाठी जाणत्या हाताने सैल करण्याचा उपचार ज्यांना मिळाला त्यांपैकी ५७ टक्क्यांना, आणि सर्वांगाला साधे मालिश मिळालेल्यांपैकी २१ टक्क्यांना उतार वाटला. अशांना आवळण्याचा व्यायाम सांगणे म्हणजे दुखत्या मुठीला आणखी आवळावयास लावणे. म्हणून आधी पारख आणि मग व्यायाम, हा या उपचाराचा पहिला नियम.

अण्णा सैल सोडावयास शिकू लागले. श्वास आत घेताना पोटाचा तळ आपसूक खाली उतरतो आणि सोडताना वर येतो. त्याच्या आड यावयाचे नाही, एवढेच शिकावयाचे होते. आयुष्यभर सगळे काही निग्रहाने धरून ठेवलेल्या माणसाला ते आवळण्याहून अवघड गेले. माईंना मात्र धरणे कठीण गेले. कारण ते अंग आपल्या हुकमतीत असू शकते हीच कल्पना त्यांना नवी होती. सकाळी, दुपारी आणि रात्री दोघे समोरासमोरच्या खाटांवर पडून आकडे मोजीत. लेकीला प्रथम हसू आले. मग तिने आपलेही नाव त्या तरुणीकडे नोंदविले.

शरीररचनेच्या पुस्तकात या स्नायूंना चालविणाऱ्या मज्जातंतूचे नाव ‘प्युडेंडल’ असे आहे, हे अण्णांनी विचारून घेतले आणि कोशात त्याची लॅटिन व्युत्पत्ती पाहिली. लाज वाटण्याजोगे ते प्युडेंडम. स्त्रीच्या बाह्य जननेंद्रियाला लावलेला हा मूळ शब्द शरीररचनाशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय शब्दसूचीने २०१९ च्या आवृत्तीत काढून टाकला. मज्जातंतूच्या नावात मात्र तो शिल्लक राहिला. संस्कृताने ‘गुह्य’ म्हटले, म्हणजे झाकून ठेवण्याजोगे. झाकणे आणि लाजणे यांत भेद आहे. झाकलेली वस्तू मौल्यवानही असू शकते, आणि गरज पडली तर ती उघडून पाहता येते. जिची लाज वाटते तिच्याकडे माणूस पाहतच नाही. मराठी घरांनी संस्कृताचा शब्द सांभाळला आणि लॅटिनचा अर्थ आचरला, असे अण्णा त्या दिवशी माईंना म्हणाले. माईंनी विचारले, “म्हणजे काय?” अण्णांनी थोडा विचार करून उत्तर दिले, “म्हणजे मी तुला कधी विचारलं नाही.”

या उपचारात चमत्कार नाही. ताणामुळे होणाऱ्या गळतीच्या स्त्रियांवरील अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. व्यायाम शिकविलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ५६ टक्क्यांनी आपण बऱ्या झालो असे सांगितले; न शिकविलेल्यांपैकी सुमारे ६ टक्क्यांनी. म्हणजे अर्ध्याहून थोड्या अधिक स्त्रिया, सगळ्या नव्हेत. पुरुषांना शस्त्रक्रियेनंतर या व्यायामाने किती लाभ होतो यावर प्रयोगांत एकवाक्यता नाही, कारण त्यांची गळती काळाबरोबर आपणहूनही कमी होत जाते. तेव्हा अण्णांना पाचव्या महिन्यात आलेला कोरडेपणा किती व्यायामाचा आणि किती काळाचा, हे सांगता यावयाचे नाही. माईंच्या बाबतीत ही शंका उरत नाही. काळाने त्यांच्यासाठी चाळीस वर्षे काहीच केले नव्हते. त्यांची गळती समूळ गेली नाही; सर्दी झाली की आजही एखादी घडी लागते. पण खोकला येण्यापूर्वी क्षणभर आधी आवळून घेण्याची युक्ती त्यांना साधली. ही युक्ती १९९८ साली मिशिगनच्या संशोधकांनी मोजून दाखविली होती, आणि ती हाती येण्यास आठवडाही पुरतो असे त्यांना दिसले होते. माईंना महिना लागला. चाळीस वर्षांपुढे महिना काहीच नव्हे.

दोघे काशीस परतल्यावर विद्यार्थी पुन्हा येऊ लागले. तिसरा उपदेश चालू असताना कोणीतरी नेहमीचा प्रश्न विचारला. या वेळी अण्णा पुढच्या श्लोकाकडे वळले नाहीत. त्यांनी मुलांना श्रोणीची रचना फळ्यावर काढून दाखविली आणि नेमके काय आवळावयाचे आणि नेमके केव्हा सोडावयाचे ते सांगितले. पूर्वजांना सारे ठाऊक होते असा निष्कर्ष त्यावरून काढू नका, असेही बजाविले. स्वात्मारामाचा हेतू प्राण आणि अपान यांचे ऐक्य हा होता. बाळंतिणीचा खोकला हा नव्हता. ग्रंथात स्नायू सापडला म्हणून घरातली बाई सापडत नाही. वर्गात दोन मुली होत्या. त्यांतली एक तास संपल्यावर मागे राहिली आणि आत माईंपाशी जाऊन बराच वेळ बसली. ती काय बोलली हे अण्णांनी विचारले नाही. या वेळचे न विचारणे निराळे होते.

पुढच्या हिवाळ्यात अण्णांनी महानगरीची दोन तिकिटे काढली. साताऱ्यास आता बंधू नव्हते. पण वहिनी होत्या, आणि ‘वन्सं एकदा तरी याव्यात’ असे त्या दरवर्षी संक्रांतीच्या पत्रात लिहीत. माईंनी चार घड्या पिशवीत वरच ठेवल्या, लपविल्या नाहीत. प्रयागच्या पुढे डब्यातल्या एका मुलाने काहीतरी गंमत केली आणि सगळ्यांबरोबर त्याही हसल्या. त्यांनी पदर तोंडाला लावला नाही, की हात ओटीपोटावर नेला नाही. जबलपूरला त्यांनी चहा मागवून घेतला, वर तांब्याभर पाणी प्यायल्या. मध्यरात्री गाडी इटारसीला बराच वेळ उभी होती. फलाटावरच्या आरोळ्यांनी अण्णांना जाग आली. त्यांनी समोर पाहिले. माई शालीखाली गाढ झोपल्या होत्या. इटारसी आले आणि गेले, हे त्यांना कळलेही नाही.